चौदा नंबरचा पाणलोट

१

उत्तमला पाणलोट समजावून सांगायचा म्हणजे परात लागायची. लग्नाला दोन महिने होत आले होते, एकोणनव्वद सालचा जानेवारी होता, आणि शालनने त्याला सहज विचारलं होतं, की अहो, तुम्ही दिवसभर डोंगरात करता तरी काय? झालं. गडी उठला, ओट्यावरची परात उचलून जमिनीवर ठेवली आणि तांब्यातलं पाणी हातावर घेऊन शिंपडायला लागला.

"ही परातीची कड म्हणजे डोंगराची धार. कडेच्या आत पडला तो थेंब आतला, बाहेर पडला तो बाहेरचा. आतलं सगळं पाणी वाहून ज्या एका तोंडाने बाहेर पडतं, त्या तोंडामागची सगळी जमीन म्हणजे एक पाणलोट. कळलं?"

"मला कळलं," रंगूबाई दारातून म्हणाल्या. "आता कणीक कुठल्या पाणलोटात मळू तेवढं सांग."

सासूबाईंचं बोलणं असंच असायचं. साताऱ्याकडच्या, पण डोंबिवलीत तीस वर्षं काढलेल्या. शालनला पहिले आठ दिवस त्यांची भीती वाटली, नवव्या दिवशी कळलं की बाई टोमणा मारून झाला की लगेच ताटात तूप जास्त वाढते.

उत्तम सर्व्हेअर होता. कल्याणच्या पुढे मलंगगडाच्या अंगाला जे सरकारी जंगल आहे, त्यातले बावीस पाणलोट त्याच्या वाट्याला आले होते. तोड होऊन उघडे पडलेले डोंगर, माती वाहून गेलेले ओढे. सगळीकडे एकदम काम करणं सरकारला झेपणारं नव्हतं, म्हणून आधी प्रत्येकाची पाहणी करायची, शंभरपैकी गुण द्यायचे आणि पहिल्या सहा नंबरांत दगडी बांध घालायचे, चर खणायचे, झाडं लावायची. पाहणीचा एक छापील तक्ता होता. उतार किती, माती किती गेली, पाणी कुठवर टिकतं, वस्ती किती, स्थानिकांचा सहभाग किती. जागेवर तो पेन्सिलीने भरायचा आणि ऑफिसात शाईने, तीन प्रतींत द्यायचा. रकाना रिकामा ठेवायचा नाही, हा साहेबांचा कायदा. लिहिण्यासारखं काही नसेल तर आडवी रेघ मारायची, पण रिकामं नाही.

उत्तमचं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात. शालनचे वडील जुन्नरकडे मास्तर होते, त्यांनी पाटीवर गोगलगाय काढून तिला 'श' शिकवलेला. तेव्हापासून तिच्या 'श'च्या पोटात शंखासारखे दोन वेढे असायचे. तक्ते शाईने उतरवायचं काम आपोआप तिच्याकडे आलं. दुपारी भांडी झाली की खिडकीशी बसायचं, वारा एमआयडीसीकडून असला तर खिडकी लावून घ्यायची, आणि लिहायचं. तिला ते आवडायचं. न पाहिलेला अख्खा डोंगर तिच्या बोटांखालून जायचा.

माहेरी ती शीला होती. शालन ती इथे झाली. कारण साधं होतं, उत्तमच्या बाळकुमला दिलेल्या थोरल्या बहिणीचं नावही शीला. "एका घरात दोन शीला कशाला?" रंगूबाई म्हणाल्या, आणि गृहप्रवेशाच्या दिवशी उत्तमने तबकातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं. शालनला त्याचं फार काही वाटलं नाही. म्हणजे, असं तिने सगळ्यांना सांगितलं. ते तांदूळ दुसऱ्या दिवशी खिचडीत गेले.

२

चौदा नंबरचा तक्ता आला त्या दिवशी उत्तमचे बूट ओले होते.

"नाल्याला पाणी आहे?" तिने विचारलं. आठवडाभर तीच लिहीत होती, ओढा कोरडा, ओढा कोरडा, झरा डिसेंबरअखेर आटतो.

"पाणी कुठलं? कातळ तापलाय नुसता." त्याने बुटाकडे पाहिलं. "हे कुठे भरले कोण जाणे."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती चौदा नंबर उतरवायला बसली. उतार, माती, झाडोरा, सगळं त्या मुंग्यांच्या वरातीत. वस्तीच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं, घर एक, माणूस एक. सहभागाला दहापैकी दहा. एवढे गुण त्याने आजवर कुणाला दिले नव्हते. शेऱ्यात मात्र अक्षर बदललं होतं.

'राहायला जागा आहे.'

आणि त्याखाली, 'माहिती देणाऱ्याची सही' असं छापलेलं असतं तिथे: शीला.

'श'च्या पोटात शंखाचे दोन वेढे होते.

तिने पेन खाली ठेवलं. मग उठून पाणी प्यायली. मग परत येऊन बसली, कारण पाणी पिऊन आल्यावर माणूस शहाण्यासारखा विचार करतो असं तिला वाटायचं. आपणच लिहिलं असेल. जुनी सवय. परवा नव्या नावाची सही गिरवत बसलो होतो, तेव्हा हाताखाली हा कागद आला असेल. पण परवा हा कागद डोंगरात उत्तमच्या पिशवीत होता, आणि कोराच होता. मग नणंदबाई? नणंदबाई बाळकुमला. त्या चौथीनंतर शाळेत गेल्या नव्हत्या आणि सही करताना जीभ बाहेर काढायच्या.

संध्याकाळी तिने त्याला तक्ता दाखवला.

"हो, ती बाई," उत्तम म्हणाला. "तिनेच दिली माहिती. नाल्याच्या वरच्या अंगाला एक घर आहे. पाणी दिलं, चहा दिला. रोपं राखीन म्हणाली."

"नाव शीला?"

"असेल की. नावावर काय कुणाची मालकी असते? आमची शीलाताई ऐकेल तर भांडायला उठेल, ते सोड."

"अक्षर बघा ना."

त्याने पाहिलं. कौतुकाने हसला. "तुझ्यासारखंच आहे गं. तीही मास्तरांची मुलगी दिसतेय."

"दिसायला कशी होती?"

उत्तमने भाकरीचा तुकडा मोडला. ताटातल्या भाकरीकडे बघत राहिला. "चांगली होती," तो म्हणाला. "चेहरा... आता नाही आठवत. चहा मात्र गुळाचा होता. आलं ठेचून. तू करतेस तस्साच."

३

चौदा नंबरची हद्द नकाशावर जुळेना. हद्द काढायची पद्धत अशी, की नाल्याच्या तोंडापासून सुरुवात करायची, धारेधारेने वर जायचं, माथ्याला वळसा घालायचा आणि दुसऱ्या धारेने उतरून परत तोंडाशी यायचं. रेघ जिथून निघाली तिथेच येऊन मिळाली पाहिजे. बाकीचे एकवीस मिळाले. चौदा नंबरला दरवेळी थोडी फट राहायची, जमिनीवर मोजली तर दाराएवढी.

"परत जावं लागणार," उत्तम म्हणाला. तसा तो आठवड्यात तीनदा गेला. म्हणताना कुरकुरायचा, पण निघताना केस विंचरायला वेळ लावायचा. शालनने ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं केलं.

तिसऱ्या खेपेला तिने डबा दिला, पोळी आणि बटाट्याची भाजी. डब्याला फडकं बांधताना ती नेहमी दोन पदरी गाठ मारून तिचं शेपूट आत खोचायची. सोडताना उत्तमच्या नाकी नऊ यायचे. तो ती कधी परत बांधायचा नाही, फडकं तसंच डब्यात कोंबून आणायचा.

त्या दिवशी फडकं बांधलेलं आलं. दोन पदरी, शेपूट आत. डबा राखेने घासलेला, आरशासारखा, आणि रिकामा नव्हता. आत ठेचा होता. हिरव्या मिरचीचा, वर शेंगदाणे अर्धेच कुटलेले.

"तिने दिला," उत्तम म्हणाला. "रिकामा डबा परत करू नये म्हणाली."

रात्री जेवताना रंगूबाईंनी बोटाने चाखला, मग भाकरीचा चतकोर घेतला, मग दुसरा घेतला. "आज ठेचा झालाय बघ! असा का नाही गं करत रोज? माहेरचा ना?"

"माहेरचा," शालन म्हणाली. माहेरचाच होता. शेंगदाणे अर्धे कुटायचे, उरलेले दाताला लागले पाहिजेत, असं आई सांगायची. डोंबिवलीत आल्यापासून तिने तो केला नव्हता. रंगूबाईंचे दात कमजोर होते, म्हणून.

तिने एक घास खाल्ला. तो छान होता, हीच मोठी पंचाईत होती. विटलेला असता, कडू असता, तर टाकून देता आला असता. कुणीतरी मन लावून केलेला होता.

दोन दिवसांनी उत्तम मोरीतून ओरडला, "शीला, टॉवेल दे गं!"

रंगूबाईंनी निवडत असलेल्या मेथीतून मान वर केली. "अरे, ताई कुठे आलीय इथे?"

आतला पाण्याचा आवाज थांबला. शालनने टॉवेल दिला तेव्हा दाराच्या फटीतून त्याचा हात बाहेर आला आणि टॉवेल न घेता आधी तिचं मनगट धरलं, बांगड्यांवरून अंगठा फिरवला. जणू कोण आहे ते चाचपून बघत होता.

४

गुणांची बेरीज शालननेच केली. चौदा नंबरला एक्याऐंशी. बाविसांत पहिला.

"पहिल्या नंबराच्या जागेवर कॅम्प पडणार," उत्तमने जेवताना सांगितलं. "दोन वर्षं. साहेब म्हणाले, सर्व्हेअरने जागेवरच राहायचं, रविवारी घरी. तंबू देतील." मग म्हणाला, "तंबूची तशी गरज नाही. राहायला जागा आहे."

ते वाक्य त्याने इतकं सहज म्हटलं, की रंगूबाईंनी फक्त "जेवणाचं काय?" एवढंच विचारलं. शालनने हातातला घास ताटात ठेवला.

रात्रभर नीट झोप लागली नाही, पण सकाळी चहा देताना तिचं ठरलं होतं. "आई, मी आज यांच्याबरोबर जाऊ? डोंगर बघायचाय."

"दोन महिन्यांत नवऱ्याचा विरह?" रंगूबाई म्हणाल्या. "जा, जा. आमच्या वेळी असं विचारलं असतं तर सासूने परातीनेच हाणली असती." आणि निघताना तिच्या पिशवीत त्यांनी गुपचूप राजगिऱ्याचे दोन लाडू टाकले.

कल्याणहून एसटी, मग पायवाट. पायथ्याशी दामाजी गार्ड भेटला. त्याच डोंगराखालच्या गावचा, पन्नाशीचा. शालनला बघून त्याने काठी काखेत धरून नमस्कार केला.

उत्तम टेप घेऊन पुढे गेला तसं तिने हळूच विचारलं, "दामाजीमामा, ते वरचं घर कुणाचं आहे हो?"

"घर?" दामाजी थांबला. "वैनी, सरकारी जंगल हाय. घर कसलं?"

"मग हे चहा कुठे पितात?"

दामाजीने तंबाखू मळली, बराच वेळ मळली. "मी धारेवरच बसतो. सायेब खाली उतरतात. परत येतात तवा तोंडाला आल्याचा वास येतो, येवढा खरा." मग म्हणाला, "तुमी नका उतरू, वैनी. सायबांना पन सांगा. माजा ऐकत नाय ते."

५

धारेवर वारा होता. करवंदाच्या जाळ्या, मधूनच एखादा साग, बाकी सगळा उघडा कातळ. उत्तमने तिला अगदी धारेवर उभं केलं, खांद्याला धरून, लहान मुलाला जत्रा दाखवावी तसं.

"इथे थेंब पडला ना, आणि तुझ्या डाव्या पायाकडे गेला, की वालधुनी नदीतून कल्याणच्या खाडीत. उजव्या पायाकडे गेला की पार पनवेलच्या अंगाला. एकाच ढगातले दोन थेंब, आणि परत भेट नाही."

"मग समुद्रात?"

तो हसला. "समुद्रात भेटतात. पण तोवर एकमेकांना ओळखत असतील असं वाटत नाही."

हे असं काहीतरी तो बोलायचा आणि मग शालनला त्याच्यावर रागवता यायचं नाही.

"चल, तुला तिच्याकडे नेतो," तो म्हणाला आणि उताराला लागला. शालन चार पावलं गेली आणि तिच्या चपलेतून काटा वर आला. ती कातळावर टेकली. काटा काढून तिने मान वर केली, तेव्हा उत्तम खाली नाल्याच्या वरच्या सपाटीवर पोचला होता. हाकेच्या अंतरावर.

घर नव्हतं. भिंत नाही, कौल नाही, जोतंसुद्धा नाही. तीन दगडांची चूल होती आणि तिच्यातून बारीक धूर निघत होता. करवंदाच्या जाळीवर एक निळी साडी वाळत होती. पदराशी शाईचा डाग. बारावीच्या परीक्षेत तिचं पेन गळलं होतं. ती साडी लग्नाआधी आईने बोहारणीला घातली, एका पातेल्यावर.

नाल्याच्या कोरड्या कातळावर ओली पावलं उमटलेली होती. चुलीपर्यंत आलेली, परत गेलेली नव्हती.

तेव्हा आवाज आला. मोठा नव्हता, उलट घरातल्या माणसाला द्यावा तसा. "अहो, आलात?"

"आलो," उत्तम म्हणाला.

त्याने बूट काढले. जोडीने, नीट, एका बाजूला ठेवले. मग एक पाऊल टाकलं आणि मान खाली घातली.

घरी, डोंबिवलीत, स्वयंपाकघराची चौकट बुटकी होती. उत्तम उंच. आत जाताना तो दरवेळी मान खाली घालायचा आणि डावा हात वर चौकटीवर टेकवायचा. इथे त्याने तसाच हात वर केला. काहीही नव्हतं तिथे. पण हात टेकला. बोटं वाकली, एखाद्या लाकडाला धरल्यासारखी, आणि खांद्यापासून वरचा उत्तम शालनला दिसेनासा झाला. म्हणजे, दिसत होता. पण सावलीत गेल्यासारखा दिसत होता, आणि वर तर ऊन होतं.

"अहो!" शालन ओरडली. तो थांबला नाही. अहो तर तिकडूनही येत होतं. हाक मारायला दोघींकडे तोच एक शब्द.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं रंगूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. उखाण्यात तेवढं चालतं. शालनने आजवर रेशनकार्डाच्या ऑफिसातसुद्धा ते नाव बोटाने दाखवलं होतं.

"उत्तम!" ती ओरडली. सगळा जीव गोळा करून. "उत्तम, इकडे या!"

तो दचकून मागे सरला. हात खाली आला. अनवाणी उभा राहून तो वर बघायला लागला, भर बाजारात जाग आल्यासारखा.

आणि समोरच्या उतारावरून हाक परत आली. "उत्तम." डोंगरात आवाज परत येतो, हे शालनला माहीत होतं. पण ती ओरडली होती, आणि परत आलेला आवाज हळू होता. जरा उशिरा आला. आणि मग पुन्हा एकदा आला, आणखी हळू, गिरवून बघावा तसा. "उत्तम."

६

परतीच्या एसटीत तो तिचा हात सोडेना. बूट घ्यायला तो थांबला नव्हता, दामाजीच्या चपला घालून आला होता.

"तू माझं नाव घेतलंस," तो म्हणाला. एवढंच त्याला आठवत होतं, आणि त्यावर तो बेहद्द खूष होता. "परत घे ना."

"आईंना सांगाल."

"नाही सांगत."

तिने खिडकीकडे तोंड करून नाव घेतलं. मागच्या बाकावरची कोळीण टोपली सावरत हसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने चौदा नंबरचा तक्ता शाईने उतरवला. खोटं काहीच लिहिलं नाही. उतार जसाच्या तसा, माती जशीच्या तशी. फक्त घर: आडवी रेघ. माणूस: आडवी रेघ. माहिती देणाऱ्याची सही: आडवी रेघ. ज्या डोंगरात घर नाही, तिथे सहभाग कसला? दहाचे शून्य झाले. एक्याऐंशीचे एकाहत्तर. बाकीच्यांत सहाव्या नंबराला बहात्तर होते.

शेवटची रेघ मारताना तिचा हात जड झाला. त्या रेघेच्या जागी पेन्सिलीच्या तक्त्यात असलेलं नाव तिला पाठ होतं. बारा वर्षं शाळेच्या पाटीपासून हॉलतिकिटापर्यंत तेच लिहिलं होतं. बाबांनी गोगलगाय काढून शिकवलेलं. ती तशी वाईट नव्हती. चहा दिला, डबा घासून दिला. तांदळात नाव लिहिलं त्या दिवशी ती कुठे गेली, हे या घरात कुणी विचारलं नव्हतं. शालननेही नाही.

पण नवरा एकच होता. तिने रेघ मारली, टिपकागदाने टिपली, आणि पेन्सिलीचा तक्ता स्टोव्हवर धरून जाळला.

यादी लागली. चौदा नंबर सातवा. कॅम्प दुसऱ्या डोंगराला पडला, घरापासून जाऊन-येऊन करता येईल असा. उत्तम रोज संध्याकाळी घरी. एकटे असले की तो म्हणायचा, "नाव घे," आणि ती घ्यायची. त्या घरात तेवढं एक गुपित होतं, आणि दोघं ते गुळाच्या खड्यासारखं पुरवून पुरवून खात होते.

७

फेब्रुवारीतला रविवार. रंगूबाई सकाळीच ठाण्यात खोपटला उतरून बाळकुमला लेकीकडे गेल्या होत्या, उद्या येणार होत्या. दुपारचे चार. उत्तम टेबलाशी नकाशा पसरून बसला होता, शालन गॅलरीत दोरीवरचे कपडे काढत होती. खाली कुणीतरी सायकलला पंक्चर काढत होतं. असं सगळं जागच्या जागी.

"शालन," उत्तमने कागदावरून मान वर न करता म्हटलं, "गंमत बघ. तो चौदा नंबर आज मिळाला. हद्द बरोबर मिटली. फट राहिलीच नाही."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि कपडे घेऊन आत आली.

खिडकीशी कोऱ्या तक्त्यांचा गठ्ठा पडून होता, उरलेला. वरचा तक्ता कोरा नव्हता. पेन्सिलीने भरला होता. उत्तमचं अक्षर नव्हतं.

'उतार: जिना, तीन मजले. पाणी: नळाला, सकाळी दोन तास. घर: एक. माणसे: तीन. सहभाग: पूर्ण.'

तिने नीट मोजलं. आई असत्या तर तीन. पण आई बाळकुमला होत्या.

शेऱ्यात काही नव्हतं. पण रकाना रिकामा नव्हता, एक आडवी रेघ होती, आणि ती रेघ पेन्सिलीची नव्हती. शाईची होती. शालनच्या पेनाची, तिनेच मारलेली, शेवटाला हात जड होऊन जराशी फुगलेली. तिच्याखाली, सहीच्या जागी, शंखाचे दोन वेढे.

स्वयंपाकघरातून आल्याचा वास आला.

मग हाक आली. घरातल्या माणसाला द्यावी तशी, हलकी, आणि आता जराही न अडखळता.

"उत्तम."

"आलो गं," उत्तम म्हणाला, पेन्सिल कानावर ठेवली आणि उठला. चौकटीशी मान खाली घातली, डावा हात वर टेकवला. आणि तिथेच थांबला. आत बघितलं. मग मागे वळून, हातात कपड्यांचा ढीग घेऊन उभ्या असलेल्या शालनकडे बघितलं.

ती कपडे टाकून त्याच्याजवळ गेली. त्याचा हात धरला. गार होता. त्याच्या दंडाखालून तिने आत पाहिलं.

कुणी नव्हतं. स्टोव्ह बंद होता. मोरीपासून ओट्यापर्यंत ओली पावलं होती, आणि ओट्यावर चहा गाळून ठेवला होता, वाफ निघत होती.

"शालन," उत्तम अगदी हळू म्हणाला, "तीन कप का मांडलेत?"

तिने कपांकडे पाहिलं. दोन कप भरलेले होते, कडेपर्यंत. तिसरा, भिंतीकडचा, अर्धा प्यालेला होता.